सेनासाहेबसुभा : लष्करी पदातून उभे राहिलेले राज्य

यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे १७३० च्या सुमारापर्यंत कान्होजी भोसल्यांचे ठाणे होते. कान्होजी राजे नव्हते. सेनासाहेबसुभा हे त्यांचे पद सातारच्या शाहू छत्रपतींनी त्यांच्या घराण्याला दिले होते. पद निखळ लष्करी: फौज बाळगायची, वऱ्हाड आणि त्यापलीकडच्या गोंडवनात छत्रपतींचा हक्क वसूल करायचा आणि बोलावणे आले की चाकरीला हजर व्हायचे. याच पदातून पुढे नागपूरचे राज्य उभे राहिले आणि ते शंभर वर्षांहून अधिक टिकले.

पद घराण्यात आले ते कान्होजींचे वडील परसोजी यांच्यामुळे. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ते खरे की तोतया, अशी शंका पसरवली जात होती. परसोजी फौजेसह त्यांना मिळाले आणि त्यांच्याबरोबर जेवून त्यांनी त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली. त्या पाठिंब्याचे मोल मोठे होते. गादीवर कोण बसणार हे तेव्हा फौज कोणाच्या मागे उभी राहते यावर ठरत होते, आणि फौज देणारा सरदार साहजिकच मुलखाचा वाटेकरी झाला.

सेनापदाचे राज्य कसे होते, हे चौथाईच्या वाटणीत स्पष्ट दिसते. चौथाईचे शंभर रुपये आले तर राजबाबती म्हणून पंचवीस छत्रपतींचे, सहोत्र्याचे सहा आणि नाडगौड्याचे तीन. उरलेले सहासष्ट मोकाशाचे, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदाराचे. शिपायाचा पगार साताऱ्याच्या खजिन्यातून येत नव्हता. सरदार तो जागेवरच वसूल करून वाटत होता. मग वसुलीसाठी कमाविसदार, हिशेबासाठी कारकून, तंट्यांसाठी निवाडा करणारे, असे सगळे त्याला स्वतःच उभारावे लागले. दरबार दूर, मुलूख हाताशी आणि शिपाई आपल्या भाकरीवर. अशा स्थितीत सेनापती राज्यकर्ता झाला नसता तरच नवल. सरदारांच्या महत्त्वाकांक्षेला दोष देण्याची रीत आहे, पण खरे कारण या पैशाच्या वाटेत होते.

कान्होजींचे छत्रपतींशी बिनसले तेव्हा त्यांना आवरायला शाहूंनी त्यांच्याच भाऊबंदांतल्या रघूजींना पाठवले. रघूजी काही काळ भामला कान्होजींजवळ राहिलेले, त्यामुळे मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. भाम सोडून निघालेल्या कान्होजींना त्यांनी वणीजवळच्या मंदर येथे गाठले. लढाईत कान्होजी पकडले गेले आणि साताऱ्यास नजरकैदेत राहिले. सेनासाहेबसुभा हे पद रघूजींकडे आले.

पद देताना शाहूंनी रघूजींकडून अटी कबूल करून घेतल्या, आणि त्या मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. पाच हजार स्वार कायम चाकरीत ठेवायचे, दरसाल नऊ लाख रुपये भरायचे, घासदाणा वगळता इतर खंडणी आणि लुटीचा निम्मा भाग सरकारात द्यायचा, गरज पडल्यास दहा हजार स्वार उभे करायचे आणि हुकूम होईल तिकडे जायचे. कागद चोख होता. पण दहा हजार स्वार उभे करण्याची ताकद ज्याच्या हाती दिली, त्याच्याकडून नऊ लाख वसूल करायला तितकीच फौज आपल्याजवळ हवी, आणि ती साताऱ्याजवळ राहिली नव्हती.

रघूजींचा पुढचा आवाका थक्क करणारा आहे. १७४१ मध्ये त्यांनी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केले. बंगालवर त्यांच्या फौजा वारंवार गेल्या. तेथे १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने भेटीला बोलावून रघूजींचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना दग्याने मारले, तरी १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई भोसल्यांना मिळाली. या स्वाऱ्यांत बंगालच्या रयतेने अतोनात सोसले. मराठी इतिहासलेखनात त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, ते द्यायला हवे. नागपुरात देवगडच्या गोंड राजघराण्यातील वारसाच्या तंट्यात रघूजी मदतीला गेले आणि कारभार त्यांच्या हाती आला. गोंड राजा बुऱ्हाणशाह नावाने राजाच राहिला, त्याला नेमणूक मिळत राहिली, सत्ता सेनासाहेबसुभ्यांची.

राजा गादीवर ठेवून सेनानीने कारभार पाहण्याची हीच रीत स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकात दिसते. तेथे १८३३ ते १८४० च्या वारसायुद्धाने सेनापतींना देशाचे मुख्य माणूस बनवले. एस्पार्तेरो, नार्वाएझ, ओदोनेल हे जनरल आळीपाळीने सरकारचे प्रमुख झाले. जनरल प्रिम त्या पदावर असतानाच १८७० च्या डिसेंबरात त्याच्यावर गोळीबार झाला आणि तो मेला. १९२३ मध्ये प्रिमो दे रिव्हेराने राजा तेरावा आल्फोन्सो याच्या संमतीने सत्ता घेतली. पुढे फ्रँको आला. सरकारप्रमुख असलेला ॲडमिरल कारेरो ब्लांको १९७३ मध्ये बॉम्बस्फोटात मारला गेला. १९८१ च्या फेब्रुवारीत लेफ्टनंट कर्नल तेखेरो संसदेत पिस्तूल घेऊन शिरला, पण तो उठाव फसला. फरक एवढाच की स्पॅनिश जनरल राजधानीतली खुर्ची धरत होते. भोसल्यांनी राजधानीपासून दूर स्वतःचीच राजधानी वसवली.

लष्करी पदाचे राज्य झाले तरी त्याची एक अडचण सुटली नाही. नेमणुकीचे पद वारशाने कोणाला जायचे? १७५५ मध्ये रघूजी वारले तेव्हा जानोजी आणि मुधोजी या भावांत तंटा झाला. पुण्याच्या पेशव्यांच्या मध्यस्थीने जानोजींना सेनासाहेबसुभा आणि मुधोजींना सेनाधुरंधर हे पद मिळाले. जानोजींनंतर मुधोजी आणि साबाजी हे भाऊ एकमेकांवर उठले आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. दर वारशाला साताऱ्याची वस्त्रे हवी असत, आणि ती मिळवायची पुण्याच्या मार्फत. नागपूरकर एवढे बलाढ्य होऊनही त्या कापडाची गरज त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिली.

भाम आणि मंदर ज्या मुलखात आहेत, तो भोसल्यांच्या हातून १८०३ मध्ये गेला. अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश भोसल्यांनी सोडला. तो निजामाकडे गेला. तिसरे रघूजी १८५३ मध्ये औरस पुत्र नसताना वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. वणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये यवतमाळ झाले.