वेलकमचा आकडा

बँका आणि विमा कंपन्यांच्या फायली रात्रभर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात असतात. हे काम बघायला संपादकांनी मला हिंजवडीतल्या एका सपोर्ट टीमकडे पाठवलं. तिथलं मुख्य हत्यार म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करायची एसएफटीपी ही कमांड. इतिहास थोडक्यात असा: १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच लिहिलं. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याचं खुलं रूप, ओपनएसएसएच, आणलं. एसएफटीपी त्यातच येतं.

मी रेंगाळले ती एका एररपाशी. लॉगिनसाठी पासवर्डऐवजी वापरायची की मान्य व्हायची आणि लगेच कनेक्शन तुटायचं. पडद्यावर एवढंच: ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५’. जवळपास दीड अब्ज बाइटचा मेसेज कोण पाठवेल? टीमच्या सीनियर मॅडमनी तो आकडा कॅलक्युलेटरवर हेक्समध्ये बदलला. ५७, ६५, ६सी, ६३. अक्षरांत वाचलं तर डब्ल्यू, ई, एल, सी. वेलकम!

सर्व्हरवर लॉगिन होताच चालणाऱ्या बॅशआरसी फायलीत कुणीतरी हौसेने स्वागताची ओळ टाकली होती. एसएफटीपीच्या प्रत्येक मेसेजचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. त्या जागी स्वागत आलं आणि प्रोग्रामने तेच लांबी म्हणून वाचलं. मर्यादा २५६ केबीची, म्हणून त्याने काम थांबवलं. साध्या एसएसएचने लॉगिन करणाऱ्याला ते वेलकम छानच दिसतं, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. बिघाडाने आपलं कारण आपल्याच आकड्यात लिहून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बाकीच्या अडचणी इतक्या सरळ बोलत नाहीत. खासगी कीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर ती की वापरलीच जात नाही. ओपनएसएसएचच्या २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून शा-१ या जुन्या पद्धतीच्या आरएसए सह्या डीफॉल्टने बंद आहेत, त्यामुळे जुन्या सर्व्हरशी कनेक्शन अचानक जुळेनासं झालं. २०२२ च्या ९.० पासून फाइल कॉपी करायची एससीपी ही कमांडसुद्धा आतून एसएफटीपी वापरते, त्यात काही जुन्या स्क्रिप्ट अडकल्या.

खरी काळजी आहे ती ‘होस्ट की’, म्हणजे सर्व्हरची ओळख, ‘बदलली आहे’ या इशाऱ्याची. सर्व्हर नवा बसवला असेल, किंवा मध्ये कुणी बसलं असेल. पडदा दोन्हींत तेच सांगतो. समोरच्या कंपनीला फोन लावून त्या कीचं फिंगरप्रिंट अक्षरन्‌अक्षर जुळवायचं, हा मॅडमचा नियम. पण रात्री तिकडे फोन उचलायला कुणी नसतं आणि फाइल तर सकाळच्या आत पोचायला हवी. मग कुणीतरी ओळखीच्या सर्व्हरच्या की ठेवणाऱ्या नोन होस्ट्स फायलीतली जुनी ओळ उडवून मोकळं होतं. काही स्क्रिप्टमध्ये तर ही तपासणीच बंद करून ठेवलेली मॅडमनी मला दाखवली. त्या कुणी लिहिल्या, हे आता टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही.