सांगोल्याची पत : गणपतराव देशमुख यांच्या तेरा निवडणुका

व्यापारात 'पत' हा शब्द पैशापेक्षा मोठा मानला जातो. भांडवल एखाद्या वर्षात उभे करता येते. पत उभी राहायला पिढी जावी लागते, आणि ती गमवायला एक व्यवहार पुरतो. राजकारणात हा शब्द फारसा वापरला जात नाही. तेथे दर पाच वर्षांनी नवी वही उघडते आणि जुन्या वहीचा हिशेब कोणी मागत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका याला अपवाद ठरला. १९६२ ते २०१४ या काळात गणपतराव देशमुख या एका माणसाने येथून विधानसभेच्या तेरा निवडणुका लढविल्या. त्यांपैकी अकरा वेळा मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठविले आणि दोन वेळा घरी बसविले. या दीर्घ वाटचालीत त्यांचा मतदारसंघ बदलला नाही आणि पक्षही बदलला नाही.

गणपतरावांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. त्यांचे मूळ गाव मोहोळ तालुक्यातील पेनूर. कायद्याचे शिक्षण त्यांनी पुण्यात घेतले. विद्यार्थिदशेतच ते शेतकरी कामगार पक्षाकडे ओढले गेले. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी काँग्रेसमधील असंतुष्ट नेत्यांनी १९४७ मध्ये या पक्षाची उभारणी केली होती. शेतकरी आणि कष्टकरी यांच्या प्रश्नांना काँग्रेसमध्ये न्याय मिळत नाही, ही त्यांची भूमिका होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादी विचारांची बैठक दिली. वकिलीची सनद घेऊन गणपतराव सांगोल्यात आले आणि तालुक्याचे ठिकाण हेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्री ओलांडून येणारे ढग येथवर पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात. माण नदीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. खिलार जनावरे, ज्वारी-बाजरी आणि पावसाची वाट पाहणे, हेच येथील शेतीचे जुने चित्र. शेतात पिकले तरच बाजारपेठेत उलाढाल होते, हे अशा तालुक्यातील दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही. शेतकऱ्याच्या घरी दुष्काळ शिरला की पेढीवरची उधारी थकते. त्यामुळे पाण्याचा प्रश्न येथे गावाचा होता, तसाच बाजाराचाही होता.

विजय आणि पराभव

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ मध्ये झाली. यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला पंधरा जागा आल्या. सांगोला त्यांतील एक. पस्तीस वर्षांचे गणपतराव विरोधी बाकावर जाऊन बसले. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

१९७२ मध्ये पहिला पराभव झाला. बांगलादेश युद्धानंतर देशभर इंदिरा गांधींची लाट होती. महाराष्ट्रात काँग्रेसने २२२ जागा जिंकल्या आणि शेतकरी कामगार पक्ष सातवर आला. सांगोल्यातही काँग्रेसचा विजय झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा तालुक्याने गणपतरावांना परत बोलावले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार निवडणुका त्यांनी सलग जिंकल्या. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते.

दुसरा पराभव १९९५ चा. काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरविले. तेव्हा गणपतरावांचे वय अडुसष्ट होते. या वयात थोड्या मतांनी झालेला पराभव पुष्कळांना सन्मानाने निवृत्त होण्याचे निमित्त देतो. त्यांनी मात्र तालुक्यातील काम चालू ठेवले. १९९९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. पुढे २००४, २००९ आणि २०१४ या निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. २०१४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याच शहाजीबापूंविरुद्ध सुमारे पंचवीस हजार मतांनी मिळविलेला विजय हा त्यांचा अकरावा आणि शेवटचा.

या अकराव्या विजयाला देशातील विक्रम म्हटले गेले. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. तमिळनाडूत एम. करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, केरळात के. एम. मणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा विजय मिळविला. महाराष्ट्रात मात्र अकरा विजयांचे हे यश अपूर्व ठरले. शिवाय करुणानिधी आणि मणी यांचे पक्ष वारंवार सत्तेत होते. गणपतरावांचा पक्ष राज्यात उत्तरोत्तर लहान होत गेला : १९७८ मध्ये तेरा आमदार, १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन, २०१४ मध्ये तीन. मोठ्या पक्षाची लाट उमेदवाराला तारून नेते, हे आपण नेहमी पाहतो. सांगोल्यात उमेदवारानेच पक्षाला तारले.

सत्तेत थोडी वर्षे, सभागृहात अनेक

मंत्रिपद त्यांच्याकडे दोनदा आले. १९७८ मध्ये शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारमध्ये ते मंत्री होते. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. २००२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि त्यांचे मंत्रिपदही संपले. दोन्ही वेळचा काळ मिळून पाच वर्षेही भरत नाहीत. उरलेला सारा काळ आमदार म्हणूनच गेला.

रोजगार हमी हे खाते त्यांच्याकडे यावे, याला अर्थ होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७२ च्या दुष्काळात व्यापक रूप मिळाले. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी कायद्याने स्वीकारणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. आपल्या पेढ्यांमधून आणि नोकरदारांच्या पगारातून दरवर्षी भरल्या जाणाऱ्या या कराचे मूळ दुष्काळी गावांतील खडी फोडणाऱ्या हातांशी जोडलेले आहे, हे आज अनेकांच्या लक्षात नसते. १९९० मध्ये फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली. कोरडवाहू शेतकऱ्याला आपल्याच रानात खड्डे खणून झाडे लावण्याची मजुरी मिळू लागली. सांगोल्यासारख्या तालुक्यांत डाळिंब पसरले, त्यामागे या योजनेचा मोठा वाटा होता.

डाळिंबाला पाणी थोडे लागते, आणि मुरमाड जमीन त्याला मानवते. 'गणेश' आणि पुढे 'भगवा' या वाणांनी माळरानांचे अर्थकारण बदलले. २०१६ मध्ये 'सोलापूर डाळिंब' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधील शालिमारकडे. एकेकाळी जेथून दुष्काळात माणसे मजुरीसाठी बाहेर पडत, तेथून फळे दोन हजार किलोमीटर दूरच्या बाजारात जाऊ लागली. तेल्या आणि मर या रोगांनी बागा मोडल्याचे दुःखही याच तालुक्याने सोसले आहे. तरीही शेतकरी, अडते, वाहतूकदार आणि खत-औषधांचे दुकानदार अशी एक साखळी डाळिंबाने उभी केली, हे नाकारता येत नाही.

पाण्याची दीर्घ प्रतीक्षा

कृष्णेच्या पाण्याची लढाई याहून लांबली. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले कृष्णा खोऱ्यातील पाणी ३१ मे २००० पूर्वी अडविणे आवश्यक मानले जात होते. नदीकाठच्या तालुक्यांना ऊस पिकविण्यापुरते पाणी होते. उंचावरील माणदेश कोरडाच होता. १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. गणपतराव या चळवळीच्या प्रमुख नेत्यांपैकी एक. उपसा सिंचनाने पाणी वर चढवावे, आणि ते समन्यायी तत्त्वावर, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला काही एक वाटा मिळेल अशा रीतीने, वाटले जावे, ही परिषदेची मागणी होती.

कऱ्हाडजवळ कृष्णेवर उभारलेली टेंभू योजना आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ योजना यांच्या लाभक्षेत्रात सांगोला तालुक्यातील गावे आहेत. परंतु पाणी टप्प्याटप्प्याने आणि फार उशिरा आले. निधीअभावी कामे रखडली, वीजबिलांचे प्रश्न निर्माण झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात तालुक्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उभाराव्या लागल्या. पन्नास वर्षे एकच लोकप्रतिनिधी असूनही हा प्रश्न का सुटला नाही, असे विरोधक विचारीत. प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर असे की, लहान पक्षाच्या आमदाराला योजना मंजूर करून घेण्यासाठी दुसऱ्याच्या सत्तेवर विसंबावे लागते. पक्षनिष्ठेची ही किंमत होती, आणि ती एकट्या गणपतरावांनी नव्हे, तालुक्यानेही मोजली. सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी लवकर आले असते काय, याचा निवाडा आता कोणी करू शकत नाही. मतदारांनी मात्र अकरा वेळा त्या निष्ठेसह त्यांना स्वीकारले.

त्याला त्यांचे राहणे कारणीभूत होते. 'आबासाहेब' या नावाने ओळखले जाणारे हे आमदार एसटीने प्रवास करीत. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी राज्यभर सांगितल्या जात. सांगोल्याला या गोष्टींपेक्षा त्यांच्या संस्थांचा व्यवहार अधिक जवळून दिसत होता. सहकारी सूतगिरण्या राज्यात एकामागून एक डबघाईला येत असताना, त्यांच्या नेतृत्वाखालील सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी चांगली चालणारी म्हणून ओळखली गेली. सार्वजनिक पैसा आपला नाही, ही जाणीव हिशेबाच्या वहीत उतरली की तिचे पुरावे वेगळे द्यावे लागत नाहीत. २०१२ मध्ये, विधिमंडळातील त्यांच्या प्रवेशाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, सर्वपक्षीयांनी विधिमंडळात त्यांचा गौरव केला.

वारसा

२०१९ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवव्या वर्षी, गणपतरावांनी निवडणूक लढविली नाही. पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी झाले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे गणपतरावांचे निधन झाले. चौऱ्याण्णव वर्षांच्या या नेत्याला निरोप देण्यासाठी सांगोल्यात लोटलेल्या गर्दीत त्यांना मत न दिलेलेही अनेकजण होते.

पत वारशाने मिळते काय, हा प्रश्न व्यापारी घराण्यांना नवा नाही. वडिलांच्या नावावर पहिला माल उधारीवर मिळतो. दुसरा माल मुलाच्या स्वतःच्या व्यवहारावर मिळतो. २०२४ मध्ये गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. समोर शिवसेनेच्या दोन्ही गटांचे उमेदवार होते आणि राज्यात महायुतीची लाट होती. सुमारे पंचवीस हजारांच्या मताधिक्याने ते निवडून आले. आजोबांच्या नावावर मिळालेली ही उधारी आहे, हे मतदारही जाणतात. तिची परतफेड पाण्याच्या आवर्तनांत आणि संस्थांच्या ताळेबंदांत त्यांना करावी लागेल. २०२४ मध्ये राज्यभरातून शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार विधानसभेत गेला, आणि तो सांगोल्याचा होता.