डरहॅमचे पेढीवाले

जॉन मेरिक हे व्यवसायाने न्हावी. १८५९ साली गुलामगिरीत जन्मलेल्या या गृहस्थांची नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम शहरात अनेक केशकर्तनालये होती. काही गोऱ्यांसाठी, काही कृष्णवर्णीयांसाठी. बालपणी बाबासाहेबांच्या केसांना हात लावावयास एकही न्हावी तयार नसे. ते काम थोरली बहीण करी. तेथे स्पर्शालाच बंदी होती. येथे गोरा मनुष्य काळ्या न्हाव्याच्या वस्तऱ्यापुढे निःशंक मान देत असे, पण शेजारच्या खुर्चीत काळे गिऱ्हाईक बसलेले त्याला चालत नसे. विषमतेच्याही किती तऱ्हा असतात!

१९१० साली डरहॅमची वस्ती सुमारे १८ हजार होती. तंबाखूच्या कारखान्यांतून कृष्णवर्णीय मजुरांच्या हाती रोख मजुरी पडे, आणि तंबाखूसम्राट ड्यूक कुटुंब मेरिक यांच्याकडेच हजामतीस येई. लहान शहराचे हे दोन्ही लाभ मेरिक यांनी अचूक हेरले. १८९८ साली डॉ. एरन मूर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी विमा कंपनी स्थापन केली. तीच पुढे ‘नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल’ म्हणून प्रसिद्धीस आली. तिचा कारभार पाहणारे चार्ल्स स्पॉल्डिंग हे मूर यांचे पुतणे. त्यांनी आधी चालविलेले भागीदारीतील किराणा दुकान बुडाले होते, ही गोष्ट दुकान काढू पाहणाऱ्या आपल्या बांधवांनी जरूर ध्यानात ठेवावी. कंपनीचे प्रतिनिधी घरोघर जाऊन दर आठवड्याला काही सेंट गोळा करीत. आजारपणात आणि अंत्यविधीला तोच पैसा उपयोगी पडे. पैसे नेणारा मनुष्य ओळखीचा असे, चर्चमध्ये भेटे, हेच त्या धंद्याचे खरे भांडवल. १९०८ साली मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक सुरू झाली आणि पॅरिश स्ट्रीटचे नाव देशभर झाले. बुकर टी. वॉशिंग्टन १९१० साली शहर पाहून गेले; डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९१२ साली त्यावर लेख लिहिला. याच द्यु बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला होता.

परंतु लहान शहरात मनुष्य नजरेतही लवकर भरतो. कंपनी स्थापन झाली त्याच वर्षी, नोव्हेंबरात, याच राज्यातील विल्मिंग्टन येथे गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले, माणसे मारली आणि निवडून आलेले नगरशासन उलथून टाकले. मेरिक यांनी यातून धडा घेतला तो असा : राजकारण कमी, धंदा अधिक. त्या काळी तो जगण्याचा उपाय होता, हे मान्य करावे लागेल. मात्र राजकीय सत्तेची किल्ली हाती घ्या असे सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायाला तो पुरता पटत नाही. डरहॅमलाही तो पुढे पुरला नाही. १९३५ साली स्पॉल्डिंग यांच्याच पुढाकाराने कृष्णवर्णीयांची राजकीय समिती उभी राहिली.

तरीही घाव बसायचा तो बसला. शहराच्या दक्षिणेस हेटाय ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तेथे दुकाने, खानावळी, नाट्यगृहे, दवाखाने असे सारे काही होते. १९६० नंतरच्या दशकात ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली तिच्यातून महामार्ग काढण्यात आला. नव्या घरांच्या आणि बाजाराच्या आश्वासनांवर विसंबून समाजातील पुढाऱ्यांनीही योजनेस पाठिंबा दिला होता. शेकडो दुकाने हलली, आणि त्यांतील बहुतेक पुन्हा उभी राहिली नाहीत. दुकान हलविता येते; पायी येणारे, उधारी ठेवणारे, नावाने ओळखणारे गिऱ्हाईक हलविता येत नाही. मोबदल्याच्या हिशेबात त्याची किंमत कोणी धरलीच नाही.

विमा कंपनी २०१८ साली राज्याच्या विमा आयुक्तांच्या ताब्यात गेली. बँक मात्र अजून चालू आहे. हेटायमधील जुन्या सेंट जोसेफ चर्चच्या इमारतीत आता सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या जवळूनच तो महामार्ग जातो. डरहॅममधून रिसर्च ट्रँगल पार्कला नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी माणसांच्या गाड्या सकाळी त्याच रस्त्यावर असतात.