254 गुण कोणाचे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या संघाला गुण मिळेनासे झाले की पहिली मागणी होते ती मुख्य प्रशिक्षकाला काढण्याची. नवा माणूस आला की आक्रमण सुधारतं, ही समजूत कितपत खरी आहे हे तपासायला लॉस एंजेलिस रॅम्सइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. 2016च्या हंगामात या संघाने 16 सामन्यांत 224 गुण केले. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 32 संघांत सर्वांत कमी. डिसेंबरात जेफ फिशर यांची गच्छंती झाली आणि जानेवारी 2017मध्ये शॉन मॅकव्हे आले, वय अवघं 30. लीगच्या आधुनिक इतिहासात इतक्या तरुण माणसाच्या हाती संघ कुणी दिला नव्हता. त्याच वर्षी रॅम्सने 478 गुण केले, लीगमध्ये सर्वाधिक. सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना सुरू झाल्यापासून गुणांच्या यादीत तळाचा संघ एका वर्षात शिखरावर गेल्याचं हे पहिलंच उदाहरण. या 254 वाढीव गुणांतला मोठा वाटा मॅकव्हे यांचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तो सगळा त्यांचा नाही, आणि जो आहे तो कायम टिकणाराही नव्हता.

प्रशिक्षकाचा इतका प्रभाव पडू शकतो तो या खेळाच्या घडणीमुळे. आक्रमणाचे 11 आणि बचावाचे 11 खेळाडू वेगळे असतात. आक्रमणाने चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला की सूत्रं कर्णधाराकडे जातात. इथे पुढची चाल सीमारेषेबाहेरून ठरते आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या सूत्रधाराला, हेल्मेटमधल्या स्पीकरवरून कळवली जाते. चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात 15 सेकंद उरले की हा संपर्क तुटतो. मॅकव्हे आपल्या खेळाडूंना झटपट रांगेत उभं करत, म्हणजे समोरचा बचाव कसा उभा आहे हे पाहून त्या वेळेपर्यंत तरुण क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला सूचना देता येत. सगळेच मुख्य प्रशिक्षक चाली स्वतः निवडत नाहीत; अनेक जण ते काम आक्रमणाच्या समन्वयकावर सोपवतात. मॅकव्हे यांनी ते स्वतःकडे ठेवलं. त्यांची मांडणी वरवर साधी होती. बहुतेक वेळा पास झेलणारे तेच तीन रिसीव्हर, तीच रचना, आणि धाव असो वा पास, पहिली पावलं अगदी सारखी. त्यामुळे बचावपटू क्षणभर घुटमळायचा आणि तेवढ्यात जागा मोकळी व्हायची.

या मांडणीने काय साधलं हे चेंडू घेऊन धावणाऱ्या टॉड गर्लीच्या आकड्यांत दिसतं. 2016मध्ये त्याने 278 वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि 885 यार्ड मिळवले. 2017मध्ये धावा 279, यार्ड 1,305. माणूस तोच, संधी जवळजवळ तेवढ्याच, आणि 420 यार्ड जास्त. पास झेलून मिळवलेले यार्ड 327वरून 788वर गेले. गॉफ पहिल्या वर्षी सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला होता; 5 टचडाउन पास, तर 7 पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती. दुसऱ्या वर्षी, दुपटीहून अधिक सामने खेळून, टचडाउन पास 28 आणि चुकीचे पास पुन्हा 7च.

इथे रास्त आक्षेप निघतो: संघही बदलला होता. सिनसिनाटीहून 35 वर्षांचा अँड्र्यू व्हिटवर्थ आला आणि क्वार्टरबॅकची डावी बाजू सुरक्षित झाली. मध्यभागी जॉन सलिव्हन आला, रॉबर्ट वूड्स आणि सॅमी वॉटकिन्स हे रिसीव्हर आले, नवोदितांमधून रिसीव्हर कूपर कपची निवड झाली. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण बचावपटूंना रोखणाऱ्या पाच जणांच्या फळीतले तिघे जुनेच होते, आणि धावणारा व फेकणाराही जुनाच. दुसरा आक्षेप असा की तळाला गेलेला संघ आपोआप थोडा वर येतोच. खरं आहे, पण तळाच्या संघाला ही आपोआप होणारी वाढ मधल्या क्रमांकांपर्यंत नेते, थेट पहिल्यावर नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अॅडलर, बेरी आणि डोहर्टी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 1997 ते 2010 या काळातल्या कॉलेज फुटबॉलमधल्या प्रशिक्षक बदलांचा अभ्यास 2013मध्ये प्रसिद्ध केला. बदल करणाऱ्या संघांची तुलना त्यांनी तशीच कामगिरी असूनही बदल न करणाऱ्या संघांशी केली. अगदी वाईट संघांना बदलाचा फारसा फायदा झाला नव्हता. मध्यम संघ तर आणखी घसरले होते. हा निष्कर्ष मला पटतो, आणि तो रॅम्सच्या विरोधात जात नाही. सरासरी सांगते की बदल स्वतःहून काही करत नाही. रॅम्सकडे वाया चाललेली गुणवत्ता होती आणि आलेल्या माणसाला ती वापरता येत होती; या दोन्ही गोष्टी एकत्र जुळून येणं दुर्मीळ.

रॅम्सच्या यशानंतर अनेक संघांनी मॅकव्हे यांचे सहकारी आपले मुख्य प्रशिक्षक म्हणून उचलले, जणू त्यांची वही नेली की काम झालं. झॅक टेलर 2019मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे गेले. पहिल्याच वर्षी संघाचे गुण 368वरून 279वर घसरले आणि 16पैकी 14 सामने गेले. बेंगल्सनी टेलरना काढलं नाही. 2020मध्ये जो बरो हा क्वार्टरबॅक मिळाला आणि 2021च्या हंगामात हाच संघ सुपर बोलमध्ये पोहोचला. खुद्द मॅकव्हे यांचंही यश सलग टिकलं नाही. 2018मध्ये 527 गुण करणारा त्यांचा संघ त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये बिल बेलिचिक यांच्या पॅट्रियट्ससमोर 3 गुणांवर अडकला, कारण प्रतिस्पर्धीही अभ्यास करतात. 2021च्या हंगामासाठी गॉफऐवजी मॅथ्यू स्टॅफर्ड आला आणि रॅम्सने विजेतेपद मिळवलं, तेही बेंगल्सना हरवून. पुढच्याच हंगामात स्टॅफर्ड, कप आणि पुढची फळी जखमी झाली. प्रशिक्षक तेच असूनही रॅम्सने 17 सामन्यांत 307 गुण केले आणि 12 सामने गमावले.