पहिल्या स्क्रीनच्या आधीचा दिवस

सकाळी ९.३०

आज दिवसभरात एकही स्क्रीन बनणार नाही, हे प्रोजेक्ट मॅनेजरला आधीच सांगून ठेवलंय. त्याच्या शीटमध्ये आजच्या तारखेसमोर ‘सेटअप’ एवढंच लिहिलंय आणि त्याच्या मते ते तासाभराचं काम आहे. एका अर्थी बरोबरच. एक कमांड मारली की ब्राउझरमध्ये पान उघडतं. पण पुढची काही वर्षं चार-पाच माणसं या कोडमध्ये रोज ये-जा करणार आहेत. त्यांच्यात जे वाद हमखास होणार, ते आजच मिटवून ठेवायचे. स्टार्टर प्रोजेक्ट म्हणजे मुख्यतः तेच.

काम एका दूध संघाचं आहे. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदले जातात आणि त्यावरून दर निघतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा हिशेबाचा पाया. ही नोंद आता केंद्रावरचा सचिव स्वतःच्या फोनवर, मराठीत करणार. फोन साधा, रेंज बेभरवशाची. हा सचिव आज दिवसभर डोळ्यांसमोर ठेवायचा, म्हणजे बरेच निर्णय आपोआप होतात.

पहिला निर्णय नोडच्या आवृत्तीचा. माझ्या मॅकवर २४ आहे. टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर कॉलेजपासून पडून असलेलं १८ आहे. सर्व्हरवर कोणतं, असं विचारल्यावर बॅकएंडवाला म्हणतो, “अगं, असेल कुठलं तरी.” असं चालत नाही. सम आकड्याच्या आवृत्त्यांना दीर्घ मुदतीचा आधार मिळतो, म्हणून २४ ठरलं. ते ‘.एनव्हीएमआरसी’ या एका ओळीच्या फाइलमध्ये लिहिलं आणि ‘पॅकेज डॉट जेसन’मध्येही. पण नुसतं लिहून भागत नाही, कारण चुकीची आवृत्ती दिसली तरी एनपीएम जरा कुरकुरतं आणि पुढे जातं. ‘.एनपीएमआरसी’मध्ये ‘इंजिन-स्ट्रिक्ट’ चालू केलं की मग खरंच अडवतं.

१०.१५

रिअ‍ॅक्ट, टाइपस्क्रिप्ट आणि व्हीट. यावर फार चर्चा झाली नाही, कारण टीमला हेच येतं. स्टार्टरसाठी तेवढं कारण मला पुरतं.

नव्या मुलाने ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ वापरायचं का, असं विचारलं. त्याचं चुकलं असं नाही. २०१६ मध्ये आलेल्या त्या साधनावर एक अख्खी पिढी रिअ‍ॅक्ट शिकली आणि क्लासवाले अजून तेच शिकवतात. पण रिअ‍ॅक्टच्याच टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये ते नव्या प्रोजेक्टसाठी वापरू नका असं जाहीर केलं. त्याच्या पोटात वेबपॅक होतं. ते आधी सगळ्या कोडचं गाठोडं बांधायचं आणि मग पान दाखवायचं. प्रोजेक्ट मोठा झाला की सर्व्हर चालू करून चहा पिऊन यावं. इव्हान यू यांनी २०२० मध्ये काढलेलं व्हीट गाठोडं बांधत बसत नाही. ब्राउझरला जी फाइल हवी ती मागेल तेव्हा देतं आणि बाहेरून आणलेली पॅकेजेस तेवढी आधी तयार करून ठेवतं. म्हणून कमांड दिल्याबरोबर ५१७३ पोर्टवर पान हजर.

त्या पानावर लोगो आहेत आणि दाबलं की आकडा वाढणारं एक बटण आहे. ते सगळं लगेच पुसायचं. सोबत आलेली सीएसएससुद्धा. मी असे प्रोजेक्ट पाहिलेत जिथे दोन वर्षांनीही ब्राउझरच्या टॅबवर व्हीटचा लोगो झळकत असतो आणि कोणाला ते खटकत नाही.

फोल्डर कामाप्रमाणे पाडले: संकलन, दरपत्रक, सभासद, देयकं. कॉम्पोनंट्स, हुक्स, युटिल्स अशी जातवार विभागणी मला पटत नाही. दराचा नियम बदलला की माणसाने दरपत्रकाच्या फोल्डरमध्ये जावं आणि तिथेच काम संपवून बाहेर यावं.

११.३०

चहा आणि भांडण. विषय नेहमीचाच, स्टार्टरमध्ये कोणकोणती पॅकेजेस घालायची.

नव्या मुलाची यादी लांब आहे. रिडक्स, अ‍ॅक्सिओस, तारखांसाठी एक लायब्ररी, आयकॉनसाठी एक, अ‍ॅनिमेशनसाठी एक. मी प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवते: संकलनाच्या पहिल्या स्क्रीनला हे लागतं का? अ‍ॅक्सिओस लागत नाही, ब्राउझरमधलं फेच पुरतं. रिडक्स आज तरी लागत नाही. तारीख दाखवायला ब्राउझरमधलंच ‘इंटल’ आहे. अ‍ॅनिमेशनचं नाव काढल्यावर डिझायनरसुद्धा हसली. राउटर राहिला. टॅनस्टॅक क्वेरी राहिलं, कारण रेंज गेली तर आधी आलेली माहिती हाताशी ठेवणं आणि विनंती पुन्हा करून पाहणं हे आम्हाला पहिल्या दिवसापासून लागणार आहे.

“मॅडम, घालून ठेवलं तर बिघडतं काय? नंतर लागेलच की.”

बिघडतं ते असं, की पॅकेज एकटं कधीच येत नाही, त्याचं सगळं गणगोत बरोबर येतं. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उघडून दाखवलं. आपण नावं घेतली मोजकी आणि आत शेकडो फोल्डर. मग त्याला मार्च २०१६ ची ‘लेफ्ट-पॅड’ची गोष्ट सांगितली. अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरणारा ११ ओळींचा कोड. एका दुसऱ्याच पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकाने रागाने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्या ११ ओळींवाचून जगभरात बिल्ड पडले. बेबलसारखं साधन अडकलं. शेवटी एनपीएमला ते पॅकेज स्वतःहून परत चढवावं लागलं. ती गोष्ट जुनी वाटली तर सप्टेंबर २०२५ ची घ्या. एका देखभालकर्त्याला फसव्या ईमेलने गंडवलं आणि ‘चॉक’, ‘डीबग’ अशा घरोघरी असलेल्या पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये क्रिप्टो चोरणारा कोड घुसवला. काही तासांत ते निस्तरलं, पण त्या तासांत ज्यांनी आंधळेपणाने ताज्या आवृत्त्या ओढल्या, त्यांच्या मशीनवर तो कोड पोचला.

म्हणून ‘पॅकेज-लॉक’ फाइल गिटमध्ये जाणार म्हणजे जाणारच. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. रोजच्या वापरात ‘एनपीएम इन्स्टॉल’ नाही, ‘एनपीएम सीआय’ चालवायचं. ते लॉकमध्ये आहे तेवढंच आणतं, आणि लॉक व ‘पॅकेज डॉट जेसन’ जुळत नसेल तर सरळ थांबतं.

यादी आटली. नवा मुलगा जरा हिरमुसला, पण चहा संपेपर्यंत त्यानेच आयकॉनची लायब्ररीही खोडली.

१२.३०

ईएसलिंट आणि प्रेटिअर. यात सांगण्यासारखं फार नाही. सेमीकोलन हवा की नको, यावर हुशार माणसं दुपारच्या दुपार घालवतात. प्रेटिअर २०१७ मध्ये आलं तेव्हापासून तो वाद मिटवण्याची सोय आहे. त्याच्या मूळ सेटिंगला हात लावायचा नाही, एवढाच आमचा नियम. टाइपस्क्रिप्टचं ‘स्ट्रिक्ट’ चालू ठेवलं. ते नंतर चालू करू म्हणणाऱ्यांना नंतर कधीच वेळ मिळत नाही.

एक गोष्ट मात्र विंडोजवाल्यांसाठी. विंडोजवर ओळ संपताना दोन अदृश्य चिन्हं पडतात, मॅक आणि लिनक्सवर एक. गिट विंडोजवर फाइल उतरवताना हे परस्पर बदलू शकतं आणि मग एक अक्षरही न बदललेली फाइल लिंटच्या लेखी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल. ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये एका ओळीत ‘एलएफ’ ठरवून टाकलं की हा त्रास जातो.

१.३०

डबा.

२.१५

दिवसातलं माझं आवडतं काम आता. व्हीटने दिलेल्या ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’मध्ये दुसऱ्या ओळीत भाषा लिहिलेली असते ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी. मराठी साइट काढणारे बरेच जण ती तशीच सोडून देतात. ती ‘एमआर’ केली की काय होतं, ते मुलाला दाखवलं. एक तर मराठी पान इंग्रजी असल्याचं ब्राउझरला खोटं सांगणं थांबतं. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज मराठी निवडतो. आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नोटो सॅन्स देवनागरी लावून ‘शाळेतील लेझीम’ असं लिहिलं आणि ती दोन अक्षरं बदलताना तो बघत राहिला. त्यासाठी कोड काहीच लिहिला नव्हता, फक्त त्या दोन रोमन अक्षरांच्या जागी दुसरी दोन घातली होती.

फॉन्टची फाइल आपल्याच सर्व्हरवरून द्यायची आणि वजनं दोनच ठेवायची, साधं आणि ठळक. ओळीची उंची डिझायनरने १.२ दिली होती. इंग्रजीला ती छान दिसते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. तिला ‘कर्तृत्व’ आणि ‘सर्वांत’ हे शब्द एकाखाली एक टाकून दाखवले. तिनेच १.६ केली.

मग आकडे. ‘इंटल’ला भाषा ‘एमआर-आयएन’ सांगितली की १२,३४,५६७ असं लाख-हजाराच्या स्वल्पविरामांसकट देवनागरीत छापून मिळतं. सगळ्यांना आनंद झाला. पण केंद्रावर फॅट मोजणाऱ्या यंत्राची पावती इंग्रजी आकड्यांत निघते. शेतकरी एका हातात पावती धरून सचिवाच्या फोनवरचा आकडा ताडून बघतो. दोन्हीकडचे आकडे सारखे दिसले पाहिजेत. म्हणून भाषेच्या मागे ‘यू-एनयू-एलएटीएन’ ही शेपटी जोडली. स्वल्पविराम मराठी पद्धतीचे, अंक मात्र पावतीसारखे. मराठीच्या अभिमानापेक्षा इथे शेतकऱ्याचा विश्वास महत्त्वाचा, असं माझं मत आहे. ज्याला पटत नसेल त्याने केंद्रावर एक सकाळ उभं राहावं.

याची उलट बाजू टाइप करताना. सचिवाच्या कीबोर्डवर मराठी चालू असेल तर तो फॅट देवनागरीतच टाइप करणार. जावास्क्रिप्टला देवनागरी ‘४.२’ दिलं तर ती म्हणते, हा आकडाच नाही. तेव्हा देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करणारं छोटं फंक्शन स्टार्टरमध्येच घातलं आणि प्रोजेक्टमधली पहिली चाचणी व्हीटेस्टमध्ये त्याचीच लिहिली. चाचणी मुलाने लिहिली. रिकामी पेटी आणि अर्धे मराठी-अर्धे इंग्रजी अंक या दोन्ही शक्यता त्याने न सांगता घातल्या.

४.००

बॅकएंडवाल्याबरोबर पंधरा मिनिटं. त्याचा सर्व्हर ८०८० वर, आमचं पान ५१७३ वर, आणि पोर्ट वेगळे म्हणून ब्राउझर मध्ये भिंत घालतो. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी लावली की ‘/एपीआय’ने सुरू होणाऱ्या विनंत्या गुपचूप त्याच्याकडे जातात.

जाता जाता तो एसएमएस सेवेची किल्ली देऊ लागला, ‘एन्व्ह’ फाइलमध्ये टाक म्हणाला. नाही टाकणार. ‘व्हीट’ उपसर्ग लावलेली प्रत्येक किंमत तयार कोडमध्ये जशीच्या तशी जाऊन बसते आणि ब्राउझर उघडणाऱ्या कोणालाही वाचता येते. फ्रंटएंडच्या ‘एन्व्ह’मध्ये पत्ते ठेवावेत, किल्ल्या नाहीत. हे वाक्य रीडमीमध्ये ठळक केलं.

५.००

कोड चढवला की गिटहबवर आपोआप लिंट, टाइप तपासणी, चाचण्या आणि बिल्ड चालतील अशी सोय केली. पहिल्याच फेरीत बिल्ड लाल. मुलाचा चेहरा पडला, कारण त्याच्याकडे आणि माझ्याकडे सगळं नीट चालत होतं. संघाच्या बोधचिन्हाची फाइल मोठ्या ‘एल’ने होती आणि कोडमध्ये लहान ‘एल’ लिहिलेला होता. विंडोज आणि मॅक दोन्ही एकच समजतात. गिटहबवरचं लिनक्स समजत नाही. टाइपस्क्रिप्ट स्वतःच्या फाइलींबाबत असली गफलत पकडतं, चित्रांबाबत नाही. फाइलचं नाव नुसतं बदलून गिटला बहुधा कळतच नाही, ‘गिट एमव्ही’नेच बदलावं लागतं. सगळी नावं लहान अक्षरांत आणि मध्ये आडवी रेघ, असा नियम तिथल्या तिथे झाला. पुढची फेरी हिरवी.

६.००

खरी परीक्षा आता. मी खुर्ची मागे घेतली, हात बांधले. मुलाने त्याच्या लॅपटॉपवरचं सगळं पुसलं, नोड २४ घातलं आणि फक्त रीडमी वाचत सुरुवात केली. मी बोलायचं नाही, हा करार.

क्लोन झालं. ‘एनपीएम सीआय’ टाइप केलं आणि पॉवरशेलने लाल अक्षरांत सुनावलं की या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. विंडोजवर ही तक्रार नेहमीची, पण मॅकवर बसून रीडमी लिहिणाऱ्याला ती दिसतच नाही. त्याने स्वतःच शोधलं: एक तर साधा कमांड प्रॉम्प्ट वापरायचा, नाहीतर स्वतःच्या खात्यापुरती ‘रिमोट-साइन्ड’ची परवानगी द्यायची. ती ओळ रीडमीमध्ये त्यानेच घातली. पुढे सगळं सरळ झालं. पान उघडलं, वर संघाचं नाव, खाली लिटर, फॅट, एसएनएफच्या तीन रिकाम्या पेट्या.

०.१.० असा टॅग लावला. मॅनेजरने शीटमध्ये ‘सेटअप’समोर हिरवा रंग भरला आणि विचारलं, “मग उद्या किती स्क्रीन?” दोन, असं सांगितलंय.

तुमच्याकडे कोणी स्टार्टर करायला बसणार असेल, तर एक करा. त्यात अजून काय घालता येईल हे विचारायच्या आधी टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाचा लॅपटॉप मागून घ्या आणि रीडमी त्याच्या हातात देऊन गप्प बसा.