प्लगचे आटे

लोणच्याच्या बरणीचे झाकण आपण नेहमी लावतो. कधी ते तिरके बसते. मग फिरवले तरी घट्ट होत नाही, आणि जोर केला तर अडकते. आपण काय करतो? झाकण उलटे फिरवतो, सरळ धरतो आणि पुन्हा लावतो. झाकणाच्या आत आणि बरणीच्या तोंडाला ज्या चढत गेलेल्या गोल रेघा असतात, त्यांनाच आटे म्हणतात. बरणीचे आटे गेले तर फार तर लोणचे खराब होईल. पण मोटारीत प्लगचे आटे गेले तर ड्रायव्हरच्या पोटावर पाय येतो.

प्लग कशासाठी असतो ते आधी पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते. ते पेटवायला ठिणगी लागते. ही ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. त्या हेडात प्लग आटे फिरवून बसवलेला असतो. पुष्कळ गाड्यांचा प्लग आट्यांच्या जागी १४ मिलिमीटर जाड असतो. एका आट्यापासून दुसरा आटा सव्वा मिलिमीटरवर. आट्यांचा भाग १९ मिलिमीटर लांब असला तर त्यात सुमारे १५ आटे बसतात. सारा भार एवढ्याच आट्यांवर!

आणि भार तरी केवढा? गाडी चढावर ओढत असते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या ४० पट, कधी त्याहूनही वर जातो. म्हणजे प्लगला आतून ६० किलोच्या पोत्याएवढा रेटा बसतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर असे धक्के मिनिटाला १,५००.

प्लग पोलादाचा असतो. जुन्या अँबॅसडरचे हेड बिडाचे होते, ते टणक. प्रीमियर पद्मिनीचे हेड अॅल्युमिनियमचे होते. आजच्या बहुतेक गाड्यांचेही तसेच असते. अॅल्युमिनियम हलके, उष्णता लवकर सोडणारे, पण मऊ. पोलादाशी कुस्ती झाली की हार त्याचीच.

१९९६ साली आम्ही भाड्याच्या पद्मिनीतून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात बॉनेटखाली बंदुकीसारखा बार झाला. गाडी थरथरू लागली. ड्रायव्हरने बॉनेट उघडले तर एक प्लग भोकातून निघून तारेला लोंबकळत होता! त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचा कीस अडकला होता, आणि वर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती. मागून कळले ते असे. गॅरेजातल्या पोऱ्याने प्लग तिरका लावून पान्याने रेटला. आटे कापले गेले. मालक रागावेल म्हणून त्याने तार गुंडाळून प्लग तसाच दाबून बसवला. ड्रायव्हरचे चार दिवसांचे भाडे बुडाले, आणि पोऱ्याची नोकरी गेली. त्याच दिवशी खरे बोलला असता तर थोडक्यात निभावले असते, असे आम्हांला आजही वाटते.

आता प्लग लावायचा कसा? इंजिन थंड होऊ द्या. गरम अॅल्युमिनियम आणखी मऊ पडते. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाही तर ती भोकातून आत पडेल. जुना प्लग निघताना करकरला तर ओढाताण करू नका. पाव फेरा सोडा, गंज सोडवणारे तेल घाला, थांबा, मग थोडा मागे थोडा पुढे करत काढा. नवा प्लग लावताना पाना बाजूलाच ठेवा. प्लग बोटांनी धरा. भोक खोल असेल तर प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून तो आत सोडा. आधी हळूच उलटा फिरवा. आट्याचे तोंड सापडले की बारीकसा टक् लागतो. मग सुलटा फिरवा. प्लग तिरका असला तर नळी हातात नुसती फिरते, आटे वाचतात. पान्याला मात्र ही अक्कल नाही.

प्लग बोटांनी पुरता टेकला की मगच पाना लावा. वॉशरचा नवा प्लग असेल तर आणखी अर्धा फेरा, किंवा किंचित जास्त. तोच जुना प्लग परत लावत असाल तर घड्याळाचा काटा १२ वरून १ वर येतो, तेवढेच. बिनवॉशरचे, निमुळत्या बुडाचे प्लग असतात, त्यांना त्याहूनही कमी. जोर मोजणारा पाना असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच पाळा.

इतके करूनही आटे गेले तर? प्लग फिरतच राहतो, आवळला जात नाही. चालू इंजिनात फस् फस् आवाज येतो. प्लगच्या बुडाशी काळा ओघळ दिसतो. अशी गाडी चालवू नये. प्लगची उष्णता बैठकीतून आणि आट्यांतून हेडात जाते. सैल प्लग तापतो, मिश्रण अवेळी पेटते आणि पिस्टनलाही भोक पडू शकते.

पहिला एखादा आटाच दुखावला असेल तर त्याच मापाच्या टॅपने तो साफ होतो. सगळेच गेले असतील तर भोक मोठे करून नवे आटे मारतात आणि आत पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. त्याला हेलिकॉइल म्हणतात. काही मिस्त्री त्याऐवजी भरीव बुश बसवतात. बुश महाग पडतो, पण आम्हांला तोच बरा वाटतो, कारण प्लग काढताना तारेचे वेटोळे कधी कधी प्लगबरोबर बाहेर येते. हे काम नीट झाले तर नवे हेड घ्यावे लागत नाही.

यात खरी भीती किसाची. तो सिलिंडरात पडला तर भिंतींवर ओरखडे काढतो. म्हणून हेड उतरवून काम करणे सर्वांत चांगले. तसे जमत नसेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात. कीस त्याला चिकटतो. दोन-दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस भरायचे. शेवटी पेट्रोलचा पुरवठा आणि ठिणगी बंद करून, सगळे प्लग काढून सेल्फ मारतात. राहिलेला चुरा हवेच्या झोताने बाहेर येतो. त्या वेळी भोकावर वाकून पाहू नये, डोळ्यांत जातो.

मिस्त्रीने गाडी परत दिली की एक चक्कर मारून या. इंजिन पुरते थंड झाले की प्लगच्या बुडाशी काळा ओघळ आला आहे का, ते एकदा बघा.