साबणाचा पडदा आणि एक गणिती बाई

तारेचं कडं वाकडंतिकडं करून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाहेर काढलं की त्यात पातळ पडदा दिसतो. साबणाचं पाणी आखडून बसतं, म्हणून पडदा कमीत कमी आकाराचा होतो. तार वाकडी, तर पडदाही खोगिरासारखा वाकलेला.

अशाच वाकलेल्या पृष्ठभागांचं गणित अमेरिकेतल्या कॅरन उलेनबेक यांनी मांडलं. जोनाथन सॅक्स यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की हे गणित अडतं ते मोजक्याच बिंदूंवर. तिथून जणू बुडबुडा सुटून वेगळा होतो.

त्यांचा जन्म १९४२चा. पीएचडी झाल्यावर नोकरी शोधताना नामांकित विद्यापीठांना त्यांचा नवरा हवा होता, त्या नको होत्या. ‘नवरा-बायको दोघांना घेता येत नाही, तसा नियम आहे,’ असं त्यांना सांगितलं. पुढे त्यांनी जाब विचारला, तर असं बोलल्याचं कुणाला आठवेना!

त्यांनी गणित सोडलं नाही. टेक्सास विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं, गणित शिकणाऱ्या मुलींसाठी खास शिबिरं सुरू केली. २००३पासून दिला जाणारा आबेल पुरस्कार २०१९मध्ये पहिल्यांदा एका बाईला मिळाला, तो त्यांनाच.

‘नवरा कमावतो, मग तिला नोकरी कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर ही गोष्ट सांगा. आणि तो नियम कुठे लिहिलाय, तेही विचारा.